मानमोकळ्यांचा उन्हाळा

फिटर आणि त्याची बायको यांचं संसारात सगळ्यावर जमलं, फक्त कोंबडीवर जमलं नाही.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर फिटरने घरामागच्या मोकळ्या जागेत खुराडी बांधली. हाताला काम हवं म्हणून त्याने ती बांधली, आणि तिला लहानपणापासून कोंबड्यांचा नाद होता म्हणून तिने ती भरली. इथपर्यंत ठीक होतं. पण जात कोणती ठेवायची यावरून दोघांची जी जुंपली ती जुंपलीच. त्याला तांबड्या आवडायच्या. भरल्या अंगाच्या, शांत, नेमाने अंडं देणाऱ्या. तिला आवडायच्या उघड्या मानेच्या. त्यांच्या अंगावर काळी पिसं असतात, मानेवर मात्र पीस नसतं, नुसतं लालबुंद कातडं असतं. त्या पहिल्यांदा टोपलीतून घरी आल्या तेव्हा फिटर कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"अगं, या तर अर्धवट सोललेल्या दिल्या तुला. विकणाऱ्याला घाई होती वाटतं."

"असू देत. उन्हाळ्यात तुमच्या तांबड्या रजई पांघरून बसतील ना, तेव्हा बोला."

"बघू," फिटर म्हणाला.

'बघू' हा त्याचा हुकमी शब्द होता. वाद अंगाशी यायला लागला की तो 'बघू' म्हणायचा आणि पाना नाहीतर पक्कड शोधायला उठायचा. बायकोला हे चांगलं ठाऊक होतं. "तुमचं 'बघू' म्हणजे दुसऱ्याचं 'हरलो'," ती म्हणायची. "पण तोंडाने म्हणाल तर शपथ!" आणि कधी चुकून त्याच्या तोंडून बरा शब्द निघालाच, आज चहा छान झालाय असं काही, तर ती हातातलं काम टाकून कानामागे हात धरायची. "काय म्हणालात? ऐकू नाही आलं. परत म्हणा." तो परत म्हणायचा नाही. हसायचा फक्त.

उघड्या मानेच्या कोंबड्यांना तिने मानमोकळ्या असं नाव पाडलं आणि तेच रूढ झालं. त्यातल्या एका जुन्या कोंबडीला ती आत्याबाई म्हणायची, कारण ती जिथे तिथे चोच खुपसायची. दुसरीच्या खोक्यात जाऊन अंडं बघून यायची, मग बाहेर येऊन सगळ्यांना ओरडून सांगायची.

कोंबड्यांच्या डॉक्टरीणबाई गावात नव्या आल्या आणि या घरगुती भांडणाला सरकारी पाठबळ मिळालं. तरुण मुलगी, स्कूटरवर यायची, सीटच्या मागे कायम लसीचा डबा बांधलेला. तिच्या खात्याला एक तपासून बघायचं होतं. उन्हाचा तडाखा जिथे मोठा, तिथे कोणती जात अंडी जास्त देते आणि कोणती तग धरते. पलीकडच्या माळावर नवी वस्ती झाली होती, पत्र्याची घरं आणि औषधालाही झाड नाही. तिथल्या बायकांना कोंबड्या वाटायच्या होत्या. त्या वाटण्याआधी कोणत्या वाटायच्या हे कळायला हवं होतं.

"काका, तुमच्याकडे तीन खुराडी आहेत. एकात तुमच्या तांबड्या, एकात काकूंच्या मानमोकळ्या आणि एकात मी आमच्या केंद्रातल्या ठिपकेवाल्या आणून देते. सारख्याच वयाच्या, सारखंच खाद्य. वर्षभर चालवाल?"

"आणि तुझ्या ठिपकेवाल्या जिंकल्या तर?" बायकोने विचारलं.

"तर मला बढती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि तिघंही हसली.

फिटरने उत्साहाने लगेच व्यवस्था लावली. झाडाखालच्या खुराड्यात तांबड्या, मधल्यात ठिपकेवाल्या आणि पश्चिमेच्या खुराड्यात मानमोकळ्या. बायको खाद्याची बादली घेऊन आली, तिन्ही खुराड्यांवरून तिने नजर फिरवली आणि बादली खाली ठेवली.

"वा! वशिल्याच्या कोंबड्या झाडाखाली आणि माझ्या सावत्र भट्टीत."

"अगं, मी आपलं सहज..."

"सहज कसलं? दुपार झाली की पश्चिमेचा पत्रा हात लावू देत नाही. सावली ज्याच्या घरी असते ना, त्याला कुठलीही कोंबडी चालते. प्रश्न ज्याच्याकडे सावली नाही त्याचा आहे."

हे ती उगाच बोलली नव्हती. तिचं माहेर असंच एका पत्र्याखाली होतं. दुपारी तिची आई भिंतीला ओलं फडकं लावून बसायची आणि कोंबड्या फडक्याखाली येऊन चोची उघड्या टाकायच्या. हे तिने फिटरला एकदा सांगितलं होतं. त्याने तेव्हा ऐकलं होतं, पण कोंबड्यांच्या वादाशी त्याची सांगड घातली नव्हती.

मग तिनेच नियम केला. दर रविवारी सकाळी तिन्ही जातींनी जागा बदलायच्या. झाडाखालच्या मधे, मधल्या पश्चिमेला, पश्चिमेच्या झाडाखाली. डॉक्टरीणबाईंना हे फार पटलं, त्यांनी कागदावर तसं लिहूनच घेतलं. बायको त्याला बदली म्हणायची. शनिवारी संध्याकाळी खुराड्यांपुढे उभी राहून ती कोंबड्यांना बजावायची, "उद्या बदली आहे हं. सामान बांधून ठेवा. रडारड नको." आणि रविवारी ती एकेक कोंबडी काखेत घेऊन न्यायची, फिटर दार धरायचा. जाताना ती प्रत्येकीशी बोलायची. त्याच्या तांबड्यांशीसुद्धा.

थंडी सरता सरता ती आजारी पडली. आधी ताप, मग छातीत पाणी, मग दवाखाना. तिथल्या खाटेवर ती एवढीशी दिसत होती. फिटर तिच्याजवळ स्टुलावर बसून होता. तो कोंबड्यांचं सांगत होता. आत्याबाईने काय केलं, तांबड्यांनी किती दिली. ती डोळे मिटून ऐकत होती.

"तुझ्या पण चांगल्या देतायत," तो म्हणाला.

तिने डोळे उघडले. त्याला वाटलं, आता कानामागे हात नेईल. तिने हात उचलला नाही. नुसती हसली आणि म्हणाली, "उन्हाळ्यात बघू."

त्याचाच शब्द. तेवढंच. नंतर ती त्याच्याशी वादाचं काही बोलली नाही आणि उन्हाळ्याच्या आधीच गेली.

लेक आली, राहिली, रडली, तिने घर आवरलं. जाताना म्हणाली, "बाबा, चला माझ्याकडे. कोंबड्या देऊन टाका कुणाला तरी."

"उन्हाळा होऊ दे," फिटर म्हणाला.

"उन्हाळ्यात काय आहे?"

मनात त्याच्या एकच होतं. बायकोला जन्मभर एक वाक्य ऐकायचं होतं, 'तुझं खरं होतं'. ते त्याने कधी म्हटलं नाही. आता म्हणायचं होतं. पण उगाच, मेलेल्या माणसाचं मन राखायला म्हणायचं नव्हतं. तसलं ती जिवंतपणी ओळखायची. ते खरोखर खरं ठरायला हवं होतं आणि ते ठरवायला उन्हाळा लागणार होता.

ती गेल्यावर कोंबड्या बिथरल्या. फिटर आत शिरला की कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढायच्या. अंडी कमी झाली. पंप दुरुस्त करायला येणारा शेजारचा पंपवाला म्हणाला, "काका, त्या तुम्हाला ओळखत नाहीत. त्या काकूंच्या निळ्या रुमालाला ओळखतात. कोंबडी रंग बघते हो."

बायको खुराड्यात जाताना डोक्याला एक निळा रुमाल बांधायची. विटलेला, एका कोपऱ्याला भोक पडलेला. तो खिळ्यालाच होता. फिटरने दोन दिवस त्याच्याकडे बघून घेतलं आणि तिसऱ्या सकाळी तो डोक्याला बांधून आत गेला. आत्याबाई सगळ्यात आधी धावत आली. तिच्यामागून सगळ्या मानमोकळ्या, माना पुढे काढून. त्या त्याच्या पायांत घोटाळल्या, वर बघून कुरकुरल्या. फिटर हातात बादली घेऊन तसाच उभा राहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच घरात कुणी तिची वाट बघत होतं, त्याच्यासारखं. आणि त्यांना ती आली असं वाटत होतं.

बाहेर पंपवाला दारात उभा होता. "काका, तुम्हाला शोभून दिसतोय रुमाल. फक्त कुणी स्थळ घेऊन आलं तर मला सांगू नका."

"चल, हट," फिटर म्हणाला. पण रुमाल त्याने काढला नाही.

पहिल्या काही रविवारी त्याने बदली नीट केली. दार धरायला कुणी नसल्याने वेळ लागायचा, पण केली. मग एका रविवारी मानमोकळ्यांची झाडाखालून हलायची वेळ आली. ऊन तापायला लागलं होतं. त्याने आत्याबाईला उचललं तेव्हा तिने चोच त्याच्या काखेत खुपसली, रुमालाचं टोक लोंबत होतं त्याच्याखाली, आणि डोळे मिटले. फिटर तिला घेऊन दारापर्यंत गेला. तिथून पश्चिमेचा पत्रा दिसत होता, सकाळीच चकाकत होता. आठवड्याभराने हिला तिथे जावं लागेल. तो परत फिरला आणि त्याने तिला खाली सोडलं.

"पुढच्या रविवारी," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी पाठ दुखत होती. त्याच्या पुढच्या रविवारी पंप बिघडला. मग कारणं शोधायचंही त्याने सोडून दिलं. मानमोकळ्या झाडाखाली राहिल्या, बाकीच्या दोन जातींची त्याने एकदा आपसात अदलाबदल केली आणि त्याही तिथेच राहिल्या, ठिपकेवाल्या मधे आणि त्याच्या तांबड्या पश्चिमेला.

उन्हाळा आला तो असा की सकाळी घरातल्या भांड्यांचाही चटका बसावा. तांबड्या पंख पसरून भुश्यात बसायला लागल्या. चोची उघड्या, गळा धडधडतोय. अंडी पातळ कवचाची यायला लागली. हातात घेतली की बोट आत जाईल अशी. मग त्यांनी माना टाकायला सुरुवात केली. फिटर रोज दुपारनंतर जाऊन बघायचा आणि रोज नाही तरी दिवसाआड एखादी बाहेर काढायचा. कुंपणाजवळ खड्डा खणून पुरायचा. झाडाखाली मात्र मानमोकळ्या खुशाल होत्या. माती उडवत होत्या, अंडी देत होत्या, आत्याबाई प्रत्येक अंड्याची दवंडी पिटत होती.

एका संध्याकाळी फिटर चहा घेऊन मागच्या पायरीवर बसला. तिची जागा डाव्या बाजूला होती, तिथे त्याने बशी ठेवली. आज म्हणून टाकायचं असं त्याने ठरवलं होतं.

"तुझं खरं होतं," तो म्हणाला.

काहीच वाटलं नाही. मन हलकं होईल असं वाटलं होतं, ते झालं नाही. उलट त्याला भलतंच आठवलं. ती एकदा नवीन चष्मा लावून समोर आली होती आणि 'कसा दिसतो?' म्हणाली होती. त्याने वर न बघताच 'छान' म्हटलं होतं. ती चष्मा काढून आत गेली होती. आत्ताचं वाक्य त्या 'छान'सारखंच निघालं होतं. न बघता बोललेलं.

त्यानंतर लवकरच डॉक्टरीणबाई आल्या. दाराला लावलेल्या पाटीवर रोजच्या अंड्यांच्या आणि मेलेल्या कोंबड्यांच्या खडूच्या रेघा होत्या, त्या त्यांनी उतरवून घेतल्या. चेहरा फुलला.

"काका, काकू जिंकल्या की! माझ्या ठिपकेवाल्या बऱ्यापैकी आहेत, पण यांच्यापुढे काहीच नाही. आणि तांबड्यांचं तर... अरेरे. मी वर कळवते. माळावरच्या वस्तीला याच द्यायच्या. शिवाय या नुसत्या टिकत नाहीत, तांबड्यांपेक्षा जास्त अंडी देतात. तसंही लिहिते."

"लिहा," फिटर म्हणाला.

डॉक्टरीणबाई कोंबड्या बघायला झाडाखालच्या खुराड्यात शिरल्या. वाकून भुसा हातात घेतला, ओला आहे का ते बघितलं. मग बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. भुसा बोटांनी चाळला. उठून खोक्यांच्या मागे पाहिलं. मग बाहेर आल्या, हात झटकले.

"काका, या भुश्यात तांबडं पीस एकही नाही. ठिपक्याचंही नाही."

डोक्यावरचा रुमाल काढून फिटरने हातात घेतला आणि त्याच्या भोकात बोट घालून बघत राहिला.

"बदल्या कधीपासून बंद?"

"ऊन लागल्यापासून."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या पायरीवर बसल्या, नेमक्या डाव्या बाजूला. "मग यातून काहीच कळत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "झाडाखाली कुठलीही जगली असती. मी यांना पत्र्याखालच्या बायकांना देणार होते, काका. तिथे जाऊन मेल्या असत्या तर?"

सावली ज्याच्या घरी असते त्याला कुठलीही कोंबडी चालते. हे वाक्य फिटरला आत्ता असं ऐकू आलं की त्याने मान वळवून बघितलं. बादली खाली ठेवून, कमरेवर हात ठेवून ती हेच म्हणाली होती. आणि त्याने काय केलं? तिच्याच कोंबड्यांना वशिल्यावर बसवलं. ज्या तांबड्यांची बाजू त्याने जन्मभर घेतली, त्यांना भट्टीत घालून मारलं. आणि मग तिला 'तुझं खरं होतं' म्हणून चहा पाजायला बसला.

"उन्हाळा अजून आहे," तो म्हणाला.

"आहे. सगळ्यात वाईट आठवडे अजून यायचेत. म्हणूनच म्हणते, राहू दे. तुमच्या जिवाला..."

"आहेत त्या रेघा पुसा. उद्यापासून धरा."

"उद्या रविवार नाही."

"चुकलेल्या बदल्या आहेत," फिटर म्हणाला. "भरून काढायला हव्यात. पश्चिमेची वेळ यांची आहे."

सकाळी ऊन वर यायच्या आत त्याने हलवाहलव केली. आधी उरलेल्या तांबड्या झाडाखाली. त्या सावलीत सोडल्यावर क्षणभर नुसत्या उभ्या राहिल्या, मग एकीने मातीत खळगा केला आणि अंग सोडून दिलं. मग मानमोकळ्या. दार धरायला पंपवाला आला होता. त्याने नेहमीप्रमाणे काहीतरी चावट बोलायला तोंड उघडलं आणि फिटरकडे बघून मिटलं. आत्याबाईला त्याने सगळ्यात शेवटी नेलं. काखेत धरून, रुमालाखाली.

"बदली आहे," तो म्हणाला. "रडारड नको."

पुढचे दिवस कठीण होते. वारा पडला. वीज जायची, पंप बंद पडायचा, मग बादल्यांनी पाणी. तिन्ही खुराड्यांना सारखं पाणी, तिन्हींच्या जाळीवर सारखंच ओलं गोणपाट, सारख्याच वेळी. हा नियम त्याने स्वतःला घालून घेतला होता आणि तो पाळणं बादल्या वाहण्यापेक्षा जड होतं. दुपारी पश्चिमेच्या पत्र्यावर ऊन तिरपं आलं की त्याचे पाय आपोआप हौदाकडे वळायचे. एकच गोणपाट. फक्त एक. कुणाला कळणार होतं? मग तो मुद्दाम रिकाम्या हाताने त्या खुराड्यात जाऊन बसायचा, उलट्या टोपलीवर, हात गुडघ्यांत दाबून. बसूनच का होईना, त्यांच्याबरोबर भाजून निघायचं. निदान तेवढं.

तेव्हा त्याने मानमोकळ्यांकडे प्रथमच नीट पाहिलं. इतकी वर्षं त्या अंगणात होत्या, पण त्याने त्यांची थट्टाच केली होती. त्या बसत नव्हत्या. उभ्या राहायच्या, पंख अंगापासून जरा दूर धरून, उघडी मान ताणून. ती मान उन्हात आणखी लाल व्हायची. हाताने चाचपली तर गरम लागायची, जशी आचेवरून उतरवलेली कढई, आणि मान जेवढी गरम तेवढं अंग निवलेलं. अंगातली धग त्या मानेवाटे बाहेर जात होती. फिटर आयुष्यभर यंत्रांत वावरलेला माणूस. गरम होणाऱ्या इंजिनाला हवा लागते हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. ते समोर दोन पायांवर हिंडत होतं तरी त्याला दिसलं नव्हतं. त्याला सोललेली कोंबडी दिसली होती.

"सांगायचंस ना," तो टोपलीवर बसून म्हणाला. मग आठवलं की तिने सांगितलं होतं.

एका दुपारी आत्याबाई खोक्याजवळ बसली ती उठली नाही. वयाने थकलेली होती. फिटर गेला तेव्हा तिची चोच उघडी होती आणि डोळा त्याच्याकडे, किंवा रुमालाकडे, लागलेला. त्याने हाताने थोडं पाणी तिच्या चोचीला लावलं. एवढं तो कुठल्याही कोंबडीला लावायचा, तांबडीलाही लावलं होतं. ती प्यायली नाही. संध्याकाळी त्याने तिला कुंपणाजवळ पुरलं, तांबड्यांच्या ओळीत, आणि पाटीवर मानमोकळ्यांच्या रकान्यात मेलेल्याची खूण केली. खडू हातात मोडला. दुसरा तुकडा घेऊन त्याने खूण पुरी केली.

त्या रात्री लेकीचा फोन आला. "बाबा, आवाज असा का येतोय?"

"तुझ्या आईची आत्याबाई गेली."

लेक म्हणाली, "तुम्ही त्यांना उन्हात का ठेवलंत, बाबा? आईच्या होत्या ना त्या?"

"म्हणूनच ठेवलं," फिटर म्हणाला.

पण दुसऱ्या सकाळी खोक्यांत अंडी होती. त्याच्या पुढच्या सकाळीही. बायको करायची तसं त्याने दोन अंडी एकमेकांवर हलकेच आपटून कानाशी धरली. पातळ कवचाचा आवाज बसका येतो. हा टणक आला. त्याने आणखी दोन घेतली, आणखी दोन. सगळी टणक.

मग ठरल्याप्रमाणे बदल्या झाल्या. ठिपकेवाल्या पश्चिमेला गेल्या आणि त्यांनी जेमतेम निभावलं. अंडी बंद केली, पण जीव राखला. पुन्हा तांबड्यांची वेळ आली तेव्हा फिटरचा जीव खालीवर झाला. आता त्यांच्यासाठीही होत होता. झाडाखाली त्या अशा सुधारल्या होत्या की अंड्यांत सगळ्यांना मागे टाकलं होतं. पश्चिमेला गेल्या आणि चार दिवसांत अंडी थांबली, धापा लागल्या, त्यातल्या दोघी गेल्या. तेच पाणी, तेच गोणपाट, तेच खाद्य.

आकाशात पहिले ढग दिसायला लागले तेव्हा डॉक्टरीणबाई आल्या. पाटी वाचली. तिन्ही खुराड्यांत जाऊन भुसा हातात घेतला. प्रत्येकात तांबडं, ठिपक्याचं आणि काळं पीस मिसळलेलं होतं. त्यांनी वर बघून मान हलवली.

"सांगा काका, काय लिहू?"

"सावली असेल तिथे तांबडी," फिटर म्हणाला. "अंडी तीच जास्त देते, हे लिहा. मी खोटं बोलत नव्हतो. पण सावली नसेल तिथे..." तो थांबला. "तिथे काकूंची. थोडी कमी देईल, पण उन्हातही देईल. आणि उन्हाळ्यानंतर जिवंत असेल."

"आणि माझ्या ठिपकेवाल्या?"

"तुमची बढती लांबली."

त्या हसल्या. स्कूटर चालू करताना म्हणाल्या, "वस्तीसाठी पिल्लं लागतील. कुणाकडून घेऊ?"

"एक खुडूक बसलीय. तिच्याखाली अंडी ठेवतो. बाकीची तुमच्या यंत्रात उबवा." मग जरा थांबून, "लेकीला सांगावं लागेल, मला यायला उशीर होईल."

स्कूटर गेली. फिटरने खुडूक कोंबडीखाली अंडी सरकवली, टणक बघून निवडलेली. तिने चोच मारली, मग अंग फुलवून त्यांच्यावर बसली. मानमोकळ्या आता पुन्हा झाडाखाली होत्या. वशिल्याने नाही, वेळेने. पश्चिमेचं खुराडं ठिपकेवाल्यांना पाणी देऊन त्याने बंद केलं आणि मागच्या पायरीवर येऊन बसला. रुमाल सोडून गुडघ्यावर ठेवला. डाव्या बाजूची जागा रिकामी होती.

त्याला घाई नव्हती. या वेळी त्याने सगळं बघितलं होतं.

"तुझं खरं होतं," तो म्हणाला.

अंगणात कोंबड्या बसायच्या आधी करतात तशी कुरकुर चालली होती. कुंपणापलीकडे पंपवाल्याच्या घरात दिवा लागायच्या बेतात होता. फिटर थांबला. ती काय म्हणाली असती हे त्याला पाठ होतं. हातातलं काम टाकलं असतं, कानामागे हात नेला असता, आणि डोळ्यांतलं हसू लपवायचा प्रयत्नही केला नसता.

म्हणून त्याने परत म्हटलं. या वेळी मोठ्याने.